सेमी इंग्रजीस अनावृत पत्र

रा. रा. सेमी इंग्रजी यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, जून उजाडला. शाळेच्या ऑफिसबाहेर आठवीच्या प्रवेशासाठी पालकांची रांग लागली आहे आणि खिडकीशी पोहोचलेला जो तो आपलेच नाव घेतो : "आमच्या पोराला सेमीच द्या." गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे कोणी विचारत नाही. यावरून आपले बरे चालले आहे असे समजतो. इकडेही ठीक. गुडघे कुरकुरतात, पण दहावीचे विज्ञान अजून उभ्यानेच शिकवतो.

आधी आभार मानून घेतो, कारण नंतर भांडायचे आहे. आपण नव्हता तेव्हा दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली चांगली चांगली मुले अकरावी सायन्सला जाऊन गळायची. तिथे सगळे एकदम इंग्रजीत. विषय येत असायचा, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळायचे नाही. दिवाळीनंतर कुणी आर्ट्सला, कुणी घरी. आपण आलात आणि ही गळती बरीच आटोक्यात आली. इंग्रजी शाळेची फी ज्यांच्या आवाक्याबाहेर, त्यांचीही सोय झाली. वर मुलांना मराठी कविता आणि मराठीतला इतिहास राहिला. 2000 साली तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपण मात्र आवाज न करता घरात शिरलात आणि जावयासारखे पाटावर येऊन बसलात.

आता गाऱ्हाणे. आपल्या पायगुणाने तुकड्या पडल्या. हुशार मुले 'अ'मध्ये, ती सेमी. उरलेली 'क'मध्ये, ती मराठी. असा नियम कुठल्या कागदावर नाही, पण शाळाशाळांतून तो बिनबोभाट पाळला जातो. मराठीतून विज्ञान शिकणे ही मागे पडल्याची शिक्षा आहे, हे तेराव्या वर्षी मुलांना कुणी न सांगता समजते.

दुसरे गाऱ्हाणे याहून मोठे. वर्गात आपला कारभार कसा चालतो, हे साहेबांना माहीत नाही असे आपण सगळे धरून चालतो. खरे तर मी फळ्यावर वाक्य लिहितो इंग्रजीत आणि समजावतो मराठीत. मी एकटा नव्हे, पुष्कळ जण. आमची डी.एड., बी.एड. मराठीतून झालेली, आणि पोरांना कळायला तर हवे! तपासणीला कुणी आले की मराठी बंद, सगळे एकदम 'ओपन युवर बुक्स'. जी गोष्ट आपण सगळ्यांत चांगली करता, तीच लपवावी लागते.

प्रकाशाचे अपवर्तन शिकवताना मी पाण्याच्या ग्लासात पेन्सिल तिरकी ठेवली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पेन्सिल नाही वाकली, उजेड वाकलाय. पाण्यात त्याचा वेग कमी होतो ना." याहून चांगले उत्तर मी वर्गात ऐकलेले नाही. परीक्षेत तिने लाइट, वॉटर, स्लो असे तीन शब्द लिहून मध्ये बाण काढले. अर्धा गुण. शेजारच्या मुलाने गाइडमधली व्याख्या स्वल्पविरामासकट उतरवली, पूर्ण गुण. मग पेन्सिल वाकलेली का दिसते, असे त्याला विचारले तर म्हणाला, "सर, ते व्याख्येत नाहीये."

असे लपूनछपून राहण्याचे आपल्याला काही कारण नाही. कुळी मोठी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढले ते एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी, असे. एका पानावर दोन भाषा नांदल्या म्हणून कुणाची इभ्रत गेली नाही. तिकडे कॅनडात, सेंट लॅम्बर्टला, 1965 साली इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मूल घरच्या भाषेत बोलले तरी सुरुवातीला चालायचे, बाई उत्तर फ्रेंचमध्ये द्यायच्या. अर्थात त्या मुलांच्या इंग्रजीला कुणी 'क' तुकडीत बसवलेले नव्हते.

आणि सरकारही आपल्याच बाजूचे आहे, निदान कागदावर. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित-विज्ञानाची द्विभाषिक पुस्तके काढावीत, मुलांना दोन्ही भाषांत विचार करता यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. बालभारतीने 2022 मध्ये पहिलीची द्विभाषिक पुस्तके काढलीसुद्धा. पहिलीला कशाला एवढी घाई, हा माझा जुना वाद आहे. तो पुन्हा केव्हातरी. गरज आहे ती आठवी ते दहावीला, जिथे पोर खरोखर अडते.

तेव्हा विनंती एवढीच. विज्ञानाचे पुस्तक डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी असे येऊ द्या. दहावीची प्रश्नपत्रिकाही तशीच छापा. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाने 'नीट'ला मराठी निवडली तर त्याला प्रश्न दोन्ही भाषांत मिळतात. तिथे नुसते गोळे रंगवायचे असतात हे खरे, पण प्रश्न तरी कळतो! उत्तर लिहिताना संज्ञा इंग्रजीत आणि कारण मराठीत आले तर गुण कापू नयेत, असा एक आदेश निघाला तरी पुष्कळ झाले. आमचे कोण ऐकणार? बोर्डात आपले वजन आहे, तेवढा शब्द टाका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
दहावीचा एक विज्ञान शिक्षक

ता. क. 'क' तुकडीला यंदा विज्ञानाचा शिक्षक अजून मिळालेला नाही.