काळ्या कोंबड्याची लेकरे

कोंबड्या पाळणे हा शिक्षकाला शोभणारा छंद नव्हे, असे आमच्या मातोश्रींचे मत. त्यातून मी कलाशाखेचा पदवीधर! तरीही मोठ्या खटपटीने झाबुआकडचा एक कडकनाथ कोंबडा मिळविला. कातडी, चोच, पाय, जीभ, सारेच काळे. त्याला पाहताच आई आमच्या कोंकणीत उद्गारली, "पुता, हो कोंबो न्हय, कोळसो!"

पिवळ्या पायांच्या एका गावठी कोंबडीशी त्याची जोडी जमविली. ती खुडूक बसताच तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी सात पिले निघाली. चार काळसर पायांची, तीन फिकट. पुढे ती मोठी झाली तेव्हा नवल दिसले. काळ्या तेवढ्या साऱ्या माद्या, फिकट ते सारे नर! फिकट नर माझ्या काय कामाचे? ते मी शेजारी देऊन टाकले.

मुलांनो, कोडे उलगडले ते विज्ञानाच्या गुरुजींनी. काळेपणा पसरू न देणारा एक गुण या गावठी आईकडून फक्त मुलग्यांकडे जातो. पक्ष्यांत लेकीला ते गुणसूत्र बापाकडूनच मिळते. सिल्की जातीच्या कोंबड्यांतील असाच प्रकार बेटसन व पनेट यांनी १९११ साली मांडला होता. म्हणजे त्या फिकट नरांतही बापाचा वारसा दडलेला होता!

धावत शेजारी गेलो. दोघांची शागोती केव्हाच झाली होती. तिसरा मात्र कुणाच्या हाती लागत नसल्यामुळे वाचला होता. फुकट दिलेला कोंबडा विकत घेऊन परतलो. त्याची व एका काळ्या मादीची अंडी सध्या उबवणीस आहेत. आज सतरावा दिवस. मला न सांगता आई रोज खुराड्यात डोकावून येते.