चेंडूचं वजन

अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकतोय म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे कार्टून का?" मी हो म्हणून टाकतो. खरं तर युनिव्हर्सिटीत पहिले तीन आठवडे मी कॉम्प्युटरवर फक्त एका चेंडूला टप्पे खायला लावत होतो! सेकंदाला २४ फ्रेम्स. चेंडू वर पोचत आला की दोन फ्रेम्समधलं अंतर कमी करत जायचं, खाली येताना वाढवत न्यायचं. हे गणित जरा बिघडलं की चेंडूचा फुगा होतो. रंग तोच, आकार तोच, वजन मात्र गायब. (डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय, तेही हातानं काढलेल्या चित्रांसाठी.)

तेव्हापासून खोडच लागलीय. आजी खुर्चीतून उठताना आधी पुढे झुकते, मग गुडघ्यावर हात टेकते... मी बघत बसतो. "काय बघतोस रे मेल्या?" म्हणते.

बाबांचा प्रश्न वेगळा. नोकरीचं काय? फीसाठी कर्ज त्यांनी काढलंय, त्यामुळे टोलवता येत नाही. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ बहुतेक शॉट्समध्ये कॉम्प्युटरवरचा. तो करणाऱ्या रिदम अँड ह्यूज स्टुडिओनं फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं. हे बाबांना मीच सांगितलं. लपवून काय करणार?

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो वाघ खोटा होता?"