अब्बांच्या खांद्यावरची गाठ

ईदचा दिवस होता. नमाज पढून आम्ही घरी आलो. अब्बांनी मला जवळ घेऊन 'ईद मुबारक' म्हटले. गळाभेट घेताना माझा हात त्यांच्या खांद्यामागे गेला. तेथे लिंबाएवढी मऊ गाठ बोटांना लागली. मी दचकलो.

"अब्बा, हे काय?"

"काही नाही. जुनीच आहे," असे म्हणत त्यांनी सदरा सारखा केला आणि शीरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

माझे अब्बा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार होते. हा बाजार १९८१ साली मुंबईहून येथे आला. अब्बांनी तेथे तीस वर्षे पाठीवर गोण्या वाहिल्या. रात्री ते घरी येत, तेव्हा त्यांच्या कपड्यांना कांद्याचा वास येई. त्यांच्या कष्टांवरच मी बी.एड. झालो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'गाठ' या शब्दाचा आमच्या वस्तीत एकच अर्थ होता. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करीत आहे. पण आमच्याकडे 'त्यांना टाटाला नेले' एवढे म्हटले, की पुढे कोणी काही विचारीत नसे.

दुसऱ्या दिवशी अम्मीने सारे सांगितले. गाठ आठ वर्षांपूर्वीची होती. तेव्हा अब्बा कामावर होते. टोळीत कळले, तर काम बंद होईल, अशी त्यांना भीती वाटे. कोणी सांगितले, म्हणून त्यांनी गाठ शेकली. कोणी सांगितले, म्हणून चुना लावला. एकाने ती जोराने दाबली, तेव्हा कातडी लाल होऊन सुजली. सगळे उपाय झाले. फक्त डॉक्टरांना दाखवणे राहिले.

'शंका असेल तर विचारा,' असे मी वर्गात रोज सांगतो. पण घरी मीही चार दिवस गप्प राहिलो. शेवटी धीर करून अब्बांना वाशीला एका सर्जन बाईंकडे नेले.

बाईंनी गाठ बोटांनी हळूच दाबली. ती कातडीखाली इकडेतिकडे सरकली. नंतर त्यांनी सोनोग्राफी करून घेतली आणि म्हणाल्या, "चाचा, ही चरबीची गाठ दिसते. हिला लायपोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे."

"ओझ्यामुळे झाली का?" अब्बांनी विचारले.

"तसे नक्की सांगता येत नाही. गोणी न उचलणाऱ्यांनाही ती होते. कधीकधी एका घरात अनेकांना होते."

"मटण सोडले, तर विरघळेल?"

बाई हसल्या. "नाही. वजन कमी केले, तरी ती तशीच राहते. शेकून किंवा लेप लावूनही जात नाही. त्रास नसेल, तर काढायचीही गरज नाही. मात्र गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, भराभर वाढू लागली, दुखू लागली किंवा कडक होऊन जागची हलेना, तर लगेच दाखवावी. क्वचित ती वेगळ्या प्रकारची असते. ते तपासूनच कळते."

पाठीवर झोपताना अब्बांना गाठ टोचत असे. म्हणून त्यांनी ती काढून घ्यायचे ठरवले. तेवढीच जागा बधिर करून बाईंनी लहानसा छेद घेतला आणि पिवळसर गाठ बाहेर काढली. अब्बा त्याच दिवशी घरी आले. गाठ तपासणीसाठी पाठवली होती. पुढे अहवाल आला. ती साधी चरबीच होती.

अब्बा बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "बेटा, एवढीशी तर होती! पण आठ वर्षे मला ती गोणीपेक्षा जड वाटली."

पुढे माझ्याही हातावर वाटाण्याएवढी गाठ आली. मी ती लगेच दाखवली. ती साधीच निघाली आणि अजून तेथेच आहे. एकदा शरीराचा धडा शिकवताना मी बाही वर करून ती मुलांना दाखवली आणि अब्बांची हकिगत सांगितली.

तास संपला. सगळी मुले गेली. एक मुलगा मात्र दाराशी घुटमळत राहिला.

"सर, माझ्या अम्मीच्या मानेवर गाठ आहे. ती कोणाला सांगत नाही."

मी कागदावर दवाखान्याचा पत्ता लिहिला आणि त्याच्या हातात दिला.

"अम्मीला सांग, आधी दाखवा. घाबरायचे की नाही, ते मग ठरवू."