वीतभर इंजिनाची घरघर

आवाज आधी ऐकू आला, इंजिन नंतर दिसलं.

जानेवारीच्या अखेरचा रविवार होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डच्या जत्रेच्या मैदानात पावलांखाली बर्फ करकरत होता, आणि आत, चार भल्यामोठ्या इमारतींत, अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन पसरलं होतं. ओले बूट, कॉफी, आणि दिवसभर धावून तापलेल्या चिमुकल्या मोटरींच्या तेलाचा वास. हातावर कोट, दुसऱ्या हातात लेकीचा हात, अशी मी गर्दीतून पुढे सरकत होते. तेवढ्यात डावीकडून, माणसांच्या खांद्यांमधून, एक घरघर आली. एकसुरी नव्हे; मध्येच अडखळणारी, दम घेणारी, पुन्हा चालू होणारी. मी जागीच थांबले. हा आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. शिकले होते मी तो झोपेतच.

पुणे-मिरज लोहमार्गावर कराडच्या पुढे शेणोली नावाचं लहानसं स्टेशन आहे. माझे बाबा तिथे असिस्टंट स्टेशन मास्तर होते. आमचं क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ, की पावसाळ्यात पागोळ्या आणि गाड्या यांचे आवाज एकमेकांत मिसळून जायचे. तेव्हा मार्ग एकेरी होता. समोरून गाडी यायची असली की मालगाडी क्रॉसिंगसाठी बाजूच्या रुळावर थांबायची. कधी अर्धा तास, कधी मध्यरात्र उलटेपर्यंत. तिचं डब्ल्यूडीएम-टू जातीचं डिझेल इंजिन उभ्या-उभ्या घरघरत राहायचं. मांडणीतली पितळी ताटं त्या घरघरीत किणकिणायची. आई अंथरुणावरूनच हात लांब करून सर्वांत खालच्या डब्याच्या झाकणावर तळवा ठेवायची, आणि तेवढ्यापुरती सगळी मांडणी शांत व्हायची. "झोप गं," ती अंधारात म्हणायची, "बाबा सोडतीलच आता गाडी." मग फलाटावर कंदील हलायचा, वेताच्या कड्यातलं टोकन हातातून हातात जायचं, घरघरीचा सूर चढायचा, चांदण्यातसुद्धा दिसेल असा काळा धूर उठायचा, आणि गाडी गेल्यावर मागे राहायची ती शांतता, ऊब निघून गेलेल्या गोधडीसारखी.

त्या इंजिनाचं माहेर अमेरिकेत आहे हे मला इकडे आल्यावर कळलं. 1962 साली भारतात आलेली पहिली डब्ल्यूडीएम-टू इंजिनं अ‍ॅल्को कंपनीनं न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी बांधली होती. पुढे तीच वाराणसीला बनू लागली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. स्केनेक्टडीचा कारखाना 1969 सालीच बंद झाला, त्याची इंजिनं मात्र पुढे कितीतरी वर्षं आपल्या घाटांतून, उसाच्या मळ्यांमधून धापा टाकत राहिली. ज्या मैदानात मी त्या दिवशी उभी होते, तिथून स्केनेक्टडी मोटारीनं जेमतेम दोन तासांवर. म्हणजे माझ्या बालपणीचा आवाज जिथे जन्मला, त्याच्या शेजारगावातच मी इतकी वर्षं राहत होते.

छोट्या गाड्यांचा नाद मला बाबा गेल्यावर लागला. तळघरात आठ फुटांच्या फळीवर मी एक स्टेशन बांधते आहे. प्रमाण एकास सत्याऐंशी. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या हिशेबात माझे बाबा दोन सेंटिमीटरांहून थोडे कमी भरतात. गोरे, कोटातले, हॅटमधले तयार पुतळे प्रदर्शनात विकत मिळतात. त्यातला एक निवडून मी त्याला भिंगाखाली पांढरा गणवेश रंगवला, आणि चेहऱ्याला आमचा रंग देताना हात थरथरला म्हणून ब्रश खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

अशी प्रदर्शनं मी पुष्कळ पाहिली. सगळीच मनाजोगती नव्हती. एका गावच्या शाळेच्या जिममध्ये सकाळी दोन तास गाडी चालवून गेले, तर निम्मे देखावे मेलेले. इंजिनं उभी, माणसं पलीकडे आपापसात गप्पांत, आणि आमच्याकडे त्यांच्या पाठी. एकदा माझ्या लेकीनं नुसतं बोट दाखवलं, तर पलीकडून एक जण खेकसला. ती परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलली नाही. एका टेबलावरून "उत्तम चालतं" असं सांगून विकलेलं जुनं इंजिन घरी रुळांवर ठेवल्यावर एकदाच गचकलं आणि गप्प झालं. त्या संध्याकाळी वाटलं, पुरे. एवढा प्रवास, एवढी गर्दी, लोकांच्या पाठपिशव्यांचे धक्के, आणि पाहायचं काय, तर खेळणी.

उलट कधी काही विशेष नसतानाही ओंजळ भरून जाते. सुट्टीत पुण्याला गेले की कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मी चुकवत नाही. 1998 पासून ते लोकांसाठी उघडं आहे. तिथे दिवे मंदावतात, त्या इवल्या शहरावर रात्र उतरते, खिडक्या-खिडक्यांतून उजेड पडतो, आणि शेजारी बसलेलं अनोळखी पोर नकळत माझ्या कुशीकडे सरकतं. त्या उजेडात मी प्रत्येक वेळी एक क्वार्टर शोधते. ते तिथे नसतं. तरी सापडतं.

असं का होतं, ते त्या रविवारी कळलं.

घरघरीचा माग काढत मी त्या देखाव्यापाशी पोचले. अ‍ॅल्कोचंच वीतभर इंजिन, बाजूच्या रुळावर क्रॉसिंगला थांबलेलं. पोटात नखाएवढा स्पीकर. देखाव्यामागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहिला असावा. मी सांगितलं, हे इंजिन आमच्या दारात उभं असायचं, भारतात. त्यांनी काही न विचारता भोंगा वाजवला. भोंगा परका होता, इकडचा, अनेक सुरांचा. घरघर मात्र आमची.

पण अर्धीच. वरचे सूर होते, खालचे नव्हते. ते गृहस्थ जरा खंतावून म्हणाले, घर लहान करता येतं, झाड, माणूस, पूल, सगळं लहान करता येतं; आवाज नाही येत. खर्जाला जागा लागते, तो एवढ्याशा स्पीकरात मावत नाही. मी मान हलवली. खरंच, खर्ज नव्हता. पण मला तो ऐकू येत होता. छातीच्या पिंजऱ्यात, दातांच्या मुळांत, मांडणीतल्या ताटांत. अर्धा आवाज त्यांच्या इंजिनाचा होता, उरलेला माझा मी आणला होता.

प्रदर्शन एवढंच देतं. वरचे सूर. खर्ज आपला आपण न्यायचा असतो. ज्या दिवशी तो नेता आला नाही, किंवा कोणाच्या एका खेकसण्यानं तो विझला, त्या दिवशी समोर खेळणी उरतात. आणि ज्या दिवशी तो आत जागा असतो, त्या दिवशी दोन सेंटिमीटरांचा माणूस कंदील हलवतो.

"इथे हात ठेवा," ते म्हणाले, आणि दोरीच्या अलीकडे आलेल्या फळीच्या कडेवर बोट टेकवून दाखवलं. समोरून दुसरी गाडी येत होती. मी तळवा टेकवला. आधी काही नाही. मग प्लायवुडच्या आतून, मुंगी चालावी तशी, एक बारीक थरथर बोटांत आली, वाढली, आणि ओसरली.

लेकीनं माझ्या हाताकडे पाहिलं. "आई, थांबवतेस का तू तिला?"

मी हात उचलला. आईचा तळवा त्या झाकणावर ती थरथर थांबवायला असायचा, असंच मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटलं, तिलाही कदाचित गाडी हातानं ऐकायची असेल. अंधारात, बाहेर बाबा उभे असताना.

"नाही गं," मी म्हटलं. "तूही ठेव."