उशीखालची पाकिटं

लालबाग-परळमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला अपघात म्हटलं की आधी केईएम आठवतं. रस्त्यावर कुणाला गाडीने उडवलं की टॅक्सी थांबवायची, जखमीला मागच्या सीटवर आडवं करायचं आणि थेट कॅज्युअल्टी गाठायची. माणूस दादरचा असो की चिंचपोकळीचा, रस्ता तोच. गिरगावकर जे.जे.ला नाहीतर हरकिसनदासला जात. 1926 साली सुरू झालेलं केईएम महापालिकेचं, म्हणजे आपलंच, अशी चाळीचाळींतून समजूत होती. केसपेपर निघाला की माणूस आत जाई. पैशांचा विषय दुसऱ्या दिवशी निघे, आणि तोही घरात.

आज तो विषय दारातच निघतो. गणपतीला एसटीच्या रांगेत उभी राहणारी आमची माणसं आता स्वतःच्या गाडीने गावी जातात. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री काही बरंवाईट झालं, की जखमीला आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेतात आणि तिथून अॅम्ब्युलन्सने मुंबईच्या खासगी रुग्णालयात. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, पॉलिसी आहे का? दुसरा, किती लाखांची? पाच लाखांची, असं सांगताना घरच्यांना थोडा धीर असतो. मग मांडीच्या हाडात रॉड, डोक्याला मार लागला म्हणून आयसीयू, दोन शस्त्रक्रिया, रक्त, प्लाझ्मा. पाच लाख संपतात आणि माणूस अजून खाटेवरच असतो.

आमच्या लहानपणी अशा वेळी वर्गणीची वही निघायची. गिरणगावात कोकणातल्या कितीतरी गावांची मंडळं होती आणि मंडळाची एखादी खोली असायची. संध्याकाळची पाळी सुटली की तिथे माणसं जमत. कुणी पाच, कुणी दहा रुपये मांडे. दोघं जण वही घेऊन बाकीच्या चाळी फिरत. व्यायामशाळेतली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी राहत. रात्री वॉर्डाबाहेर कोण झोपणार, सकाळचा डबा कुणाच्या घरून जाणार, पेशंटला दाढी करायला कोण नेणार, याच्या पाळ्या लागत, आणि त्या लावून देणारी एखादी वहिनी किंवा आक्का प्रत्येक मजल्यावर असेच.

भेटायला येण्याचीही एक रीत होती. येणारा मोसंबी नाहीतर शहाळं घेऊन येई, खाटेच्या कडेला बसे, अपघात कसा झाला ते पुन्हा पहिल्यापासून ऐके, आणि उठताना हळूच एक पाकीट उशीखाली सरकवी. किती आहेत ते सांगायचं नाही आणि समोर उघडायचं नाही. माणूस गेल्यावर आई ते बाहेर काढी आणि वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिही. ते पैसे उसने नव्हते, पण विसरायचेही नव्हते. त्या घरात आजारपण आलं, लग्न निघालं की आपलं पाकीट तिकडे जायचं. आमच्या घरांचा विमा तो हाच होता. त्याला मर्यादा होती ती फक्त माणसांच्या खिशाची.

हे आठवून गळा दाटतो, पण त्या वॉर्डात काय चालायचं तेही आठवलं पाहिजे. खाटा भरल्या की पेशंट जमिनीवर. टाके घालायचा दोरासुद्धा बाहेरच्या दुकानातून आणायला चिठ्ठी हातात मिळे. मांडीचं हाड मोडलं की पायाला वजन टांगून आठवड्यांमागून आठवडे पडून राहायचं, आणि तरीही हाड वाकडं जुळलं तर जन्मभर लंगडायचं. डोक्याच्या माराला तर देवावर हवाला. सीटी स्कॅन आमच्या आवाक्यात यायला पुष्कळ वर्षं गेली. आज ज्याला रॉड बसवून काही दिवसांत उभं करतात, तसा तरुण तेव्हा गिरणीतली नोकरी गमावून बसे.

खासगी रुग्णालयाच्या दारात तर पोलीस केस आहे म्हणून हातच लावत नसत. एका स्कूटरस्वाराला गाडीने ठोकरलं, जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि वाटेत तो गेला. या घटनेच्या बातमीवरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सांगितलं, की आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. तोपर्यंत किती माणसं दारातून परत गेली असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. आणि आमची ती वहीसुद्धा सगळ्यांसाठी निघत नसे. ज्याचं गाव नाही, ज्याचं मंडळ नाही, जो परप्रांतातून एकटा आलेला, जी बाई नवऱ्यावाचून राहणारी, त्यांच्यासाठी कोण फिरलं? वर्गणी कमी पडली की पाटल्या गहाण पडत, आणि त्या बहुधा सुटत नसत.

गिरणी कामगाराला दुसराही एक आधार होता, कामगार राज्य विम्याचा. 1948 च्या कायद्याने पगारातून थोडी रक्कम कापली जाई आणि परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात घरच्यांनाही उपचार मिळत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या गेल्या, नोकऱ्या गेल्या, त्यांच्याबरोबर ते विम्याचं कार्डही गेलं. संपावर इतकं लिहिलं गेलं, या कार्डाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. त्याच दशकात, 1986 मध्ये, सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. ज्यांच्याकडे बँकेतली किंवा सरकारी नोकरी होती त्यांनी तो घेतला. ज्यांचं कार्ड गेलं होतं त्यांच्याकडे हप्त्याचे पैसे नव्हते.

आता हप्ता भरणारे आम्ही पुष्कळ आहोत, पण कागद वाचणारे थोडे. पुष्कळ पॉलिसींत खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असते. पाच लाखांवर दिवसाला 5,000. खोली 10,000 ची घेतली की वरचं भाडं तर आपण भरायचंच, पण डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा कापला जातो. हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंचे पैसे वेगळे. गाडीच्या विम्यातला मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा अशा वेळी कामाला येईल असं अनेकांना वाटतं. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो, रुग्णालयाच्या बिलासाठी नाही.

आणि डिस्चार्जच्या दिवशी हातात पडलेलं ते बिल घरातली दोन माणसं दार लावून वाचतात. शेजाऱ्यांना सांगत नाहीत, कारण फ्लॅट घेतला, गाडी घेतली, आता मागायचं कसं? भेटायची वेळ ठरलेली, पास एकच, शहाळं आत नेऊ देत नाहीत आणि आयसीयूत पाकीट ठेवायला उशीही नसते. लवकर बरे व्हा असे निरोप मोबाइलवर शेकड्याने येतात. मुलगा रात्री मदतीची लिंक तयार करतो. तिच्यावर दूरदूरचे अनोळखी लोक पैसे टाकतात, त्यांनी कित्येक जीव वाचवले आहेत आणि त्यांना हात जोडावेत. पण समोरच्या दारातल्या माणसाला आपली अडचण त्या लिंकवरून कळावी, हे मला सोसत नाही.

कायदा मात्र आमच्या बापांच्या वेळेपेक्षा आज जखमीच्या बाजूने जास्त उभा आहे, आणि हे घराघरांत माहीत हवं. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्त्यावरच्या अपघातातल्या कुणालाही ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे. चूक समोरच्या गाडीची असेल, तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळणाऱ्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. मेडिक्लेम मिळाला म्हणून ही भरपाई कमी करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे. औषधांच्या चिठ्ठीपासून अॅम्ब्युलन्सच्या पावतीपर्यंत एकही कागद टाकू नका.

दावा मात्र वर्षानुवर्षं चालतो आणि बिल आज भरायचं असतं. हे मधलं अंतर वही भरून काढायची. आमची मंडळं आजही हे काम करू शकतात. लालबागच्या राजाच्या मंडळाचं डायलिसिस केंद्र आहे, सिद्धिविनायक न्यास गरीब रुग्णांना मदत देतो. प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक गल्लीतल्या मंडळाने वर्षाच्या वर्गणीतला थोडा वाटा अशा बिलांसाठी वेगळा काढावा, आणि या खेपेला गाव, जात न विचारता द्यावा. पूर्वी जे चुकलं ते एवढं तरी दुरुस्त होईल. आणि तुम्ही कुणाला भेटायला गेलात, तर तब्येतीची चौकशी झाल्यावर घरच्या माणसाला बाजूला घ्या आणि किती कमी पडतंय ते स्वतःहून विचारा. ज्याच्यावर वेळ आली आहे तो आपणहून सांगणार नाही.