मर्दिनटोल्याचे शौर्यचक्र

शौर्यचक्र हे कांस्याचे वाटोळे पदक आहे. मधोमध अशोकचक्र, भोवती कमळाची माळ आणि वर हिरव्या फितीवर तीन उभ्या रेघा. 1952 मध्ये ते सुरू झाले तेव्हा अशोकचक्राचा तिसरा वर्ग म्हणून. आजचे नाव 1967 चे. परमवीरचक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी असते, तर शौर्यचक्र युद्धाबाहेरच्या धैर्यासाठी. म्हणून त्याला शांतताकाळातले पदक म्हणतात. गडचिरोलीच्या जंगलात हा शब्द तोकडा पडतो.

13 नोव्हेंबर 2021 रोजी छत्तीसगडच्या सीमेलगत, ग्यारापत्तीकडच्या मर्दिनटोला जंगलात गडचिरोली पोलिसांच्या सी-60 या विशेष पथकांची माओवाद्यांशी कित्येक तास चकमक झाली. त्या दिवशी 26 मृतदेह हाती आले; त्यांत केंद्रीय समितीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे होता. चार जवान जखमी झाले. या कामगिरीसाठी तत्कालीन अपर पोलीस अधीक्षक सोमय मुंडे, रवींद्र नैताम आणि टिकाराम काटेंगे यांना शौर्यचक्र मिळाले. सैनिकाच्या छातीवर शोभणारे पदक पोलिसांच्या गणवेशावर आले, आणि ते योग्यच झाले.

या शौर्याचे मूळ बंदुकीपेक्षा मातीत आहे. चंद्रपूरमधून 1982 मध्ये वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 1990 मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ स्थानिक तरुणांचे पथक उभे केले. सी-60 या नावातला साठचा आकडा तोच. गोंडी आणि माडिया बोलणारी, नाले-पायवाटा लहानपणापासून तुडवलेली ही मुले. पावसाळ्यानंतर पुरुषभर वाढलेल्या गवतातून एकामागे एक चालताना पुढच्याचे पाऊल जिथे पडले तिथेच आपले टाकायचे. सुरुंगाच्या मुलखात हे रोजचेच, आणि अशा चालण्याला पदक नसते.

1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात गडचिरोली पोलिसांचे 15 जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. त्यांचे सोबती पुन्हा जंगलात उतरले. मर्दिनटोला त्यानंतर अडीच वर्षांनी घडले. या संघर्षात दोन्ही बाजूंना आदिवासी घरांतलीच मुले पडली, हे दुःख कोणत्याही विजयाने पुसले जात नाही.

सन्मानपत्रावर नाव येते ते मोजक्यांचे. बाकीच्यांची नावे जिल्हाच जपतो: गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयातल्या सभागृहाला शहीद पांडू आलाम यांचे नाव आहे.