मँचेस्टरच्या खिडकीत वऱ्हाडी शिंकं

मँचेस्टरमधल्या लाल विटांच्या, एकमेकांना चिकटून उभ्या घरांना अंगण नसतं. खिडकीची पट्टी इतकी अरुंद, की तिथं चहाचा कप राहील किंवा मनी प्लांट. अकोला-अमरावतीकडून आलेल्या बिऱ्हाडांत यावर सहज सुचणारा तोडगा म्हणजे शिंकं. गावाकडे आढ्याला टांगलेल्या शिंक्यात दही-लोणी बोक्यापासून वाचायचं. इथं त्यात कुंडी बसते.

गाठी मारलेली दोरीची टांगणी दुकानात मिळते. 1970 च्या दशकातली मॅक्रमेची हौस हल्ली पुन्हा आली आहे. पण कापडाचं शिंकं स्वस्त, धुता येणारं आणि कुणालाही शिवता येईल असं. येताना बॅगेत काचसामानाभोवती गुंडाळलेली जुनी सतरंजी किंवा जाड चादर त्याला पुरते.

दहा सेंटिमीटर रुंद, दोन मीटर लांब अशा दोन पट्ट्या उभ्या धाग्यात कापायच्या. उरेब कापल्या तर ओझ्यानं ताणतात आणि कुंडी हळूहळू खाली उतरते. दोन्ही कडा मधोमध दुमडून, पुन्हा एक घडी घालून शिवलं की अडीच सेंटिमीटरचा चिवट पट्टा होतो. दोन पट्टे मध्यावर फुलीसारखे ठेवायचे आणि त्या जागी चौकोन व आत तिरकी टीप मारायची. सगळा भार तिथंच येतो, म्हणून धावदोऱ्यावर भागवू नये. हातानं शिवायचं तर उलटी टीपच. वितभर वर कुंडीभोवती आडवा पट्टा जोडला की ती कलंडत नाही. चारही टोकं लोखंडी कडीत ओवून शिवली, की झालं.

पाणी घातलेली मध्यम कुंडी तीनेक किलोंपर्यंत सहज जाते. सूत ओलं झाल्यानं कमजोर होत नाही, उलट बळकट होतं. रेयॉनचं मात्र नेमकं उलटं. तरी सतत ओलं राहिलेलं सूत कुजतं, म्हणून कुंडीखाली खोल बशी हवीच.

या शहरात सुताचा विषय निघाला की वऱ्हाडचं नाव येणारच. वऱ्हाडचा कारभार 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये. युद्ध तर 1865 मध्येच संपलेलं! आखूड धाग्याच्या हिंदुस्थानी कापसाला इथले कामगार सरसकट ‘सुरत’ म्हणत. देवा, कापूस दे, पण सुरत नको, असं साकडं ते घालत म्हणे. कापडाचे सौदे जिथं होत, ते रॉयल एक्स्चेंज 1968 मध्ये बंद झालं. 1976 पासून तिथं नाट्यगृह आहे. भावफलकावर मात्र शेवटच्या दिवसाचे आकडे अजून आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर धावणाऱ्या ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीला 1994 पर्यंत ओढणारं वाफेचं इंजिनही 1921 मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं. कापूस इकडे आला, इंजिन तिकडे गेलं. सौदा कुणाला फळला हे वऱ्हाडी शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

शिंक्यात तुळस लावायचा मोह होतो, पण डिसेंबरात इथं दिवस जेमतेम साडेसात तासांचा. तुळस मान टाकते. मनी प्लांट किंवा स्पायडर प्लांट कमी उजेडातही तग धरतात. रेडिएटरच्या डोक्यावर मात्र काहीच टांगू नये.

आता हुक. नुसत्या प्लास्टरमध्ये तो धरत नाही, छतातला लाकडी वासा शोधूनच फिरवावा. पडद्याच्या दांड्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. आणि घर भाड्याचं असेल तर भोक पाडण्याआधी घरमालकाची परवानगी लेखी घ्या, नाहीतर निघताना अनामत रकमेतून त्या एका भोकाचे पैसे कापले जातील.